विषय: तुमचा केएम स्विच, काल दुपारचा फोन आणि हुबळी

ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

काल पाचव्यांदा फोन केला. सहाव्यांदा करणार नाही, म्हणून लिहितोय.

वस्तू काय आहे ते सांगायला नको, तुमचीच आहे. एका कीबोर्ड-माउसवर दोन कॉम्प्युटर चालवायची डबी, १,४५० रुपये, एक वर्ष वॉरंटी. माझं निपाणीत डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका मराठीत, त्या विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर, कारण फॉन्टचं डोंगल (ज्या कुलपाशिवाय फॉन्ट उघडत नाहीत) तिथंच चालतं. कचेरीचे अर्ज कन्नडमध्ये, ते नव्या मशीनवर, नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. टेबल साडेतीन फुटी. त्यावर दोन कीबोर्ड मावत नाहीत, हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

कंट्रोल दोनदा दाबलं की कीबोर्ड दुसऱ्या मशीनवर जातो, असं तुमचं पुस्तक म्हणतं. जातो. पण कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही जरा भरभर मारलं तरी जातो. डीटीपीवाला दिवसभर दुसरं काय करतो? पुस्तकात बघून ते काम स्क्रोल लॉकवर टाकलं, तर लाईट गेली-आली की गाडी परत कंट्रोलवर. आणि दर वेळी जुनं मशीन कीबोर्ड नव्यानं ओळखायला आठ-दहा सेकंद घेतं. खोक्यावर ‘इम्युलेशन’ छापलंय. म्हणजे दोन्ही मशीनना कीबोर्ड कायम लावलेलाच आहे असं वाटायला पाहिजे. तुमची डबी वायर उपसून परत खुपसल्यासारखं करते.

गेल्या आठवड्यात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून पुढच्या चार ओळी एका म्हाताऱ्याच्या उत्पन्न दाखल्याच्या अर्जात गेल्या. टाइप करताना माझी नजर कागदावर असते. टाइपरायटर पद्धतीनं मारलेलं मराठी नुडीत गेलं की जे उमटतं, ते कुठल्याच राज्यात वाचता येत नाही.

आता कालचा फोन. आधी अकरा मिनिटं सनई. मग पोरगा आला. “सर, डिव्हाइस ऑफ करून ऑन केलं का?” त्याला बटणच नाही, यूएसबीच्या करंटवर चालतं. गप्प बसलो. मग, “सर, कंट्रोल जरा हळू दाबा.” म्हटलं, किती हळू? “नॉर्मल, सर.” म्हणजे बावीस वर्षं मी ॲबनॉर्मल दाबतोय. इथवरही चाललं असतं. पण त्यानं होल्डवर टाकलं, कुणा वरच्याला विचारलं आणि परत येऊन म्हणाला, “सर, आमचं सजेशन आहे, तुम्ही दुसरा कीबोर्ड-माउस घ्या. पाचशेत जोडी येते.”

अहो, दुसरा कीबोर्ड लागू नये म्हणूनच विकता ना ही डबी? की खोक्यात तो सल्ला ठेवायला विसरलात? वर विचारतो, “तुमची समस्या सुटली का, सर?” आणि पाचपैकी रेटिंग मागतो.

सर्व्हिस सेंटरचं वेगळंच. पिनकोड ५९१२३७ टाकला की तुमची सिस्टीम हुबळी दाखवते. कोल्हापूर इथून चाळीस किलोमीटर, तिथं तुमचं सेंटर आहे, मी जाऊन आलोय. बिल बघून म्हणाले, “तुम्ही कर्नाटकातले, इथं एंट्री होत नाही.” सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, सुप्रीम कोर्टात २००४ पासून. त्याचा निकाल लागेपर्यंत माझी वॉरंटी थांबते का, तेवढं कळवा.

पंधरा दिवसांत पैसे परत द्या, नाहीतर चालणारी डबी कोल्हापूरच्या सेंटरवर द्या. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथं दावा घालता येतो, आणि एवढ्याशा रकमेला फीसुद्धा नाही. तुमच्या वकिलाला मात्र यावं लागेल, निपाणीजवळचा तवंदी घाट चढून आला तरी चालेल. हुबळीला मी जाणार नाही, परत सांगतो.

आणि ते रेटिंगचे मेसेज. सकाळपासून तीन आले. ते आधी बंद करा.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
निपाणी