येळवशीआधी एक पत्र

लातूर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

वेळ अमावस्येला, आपल्या येळवशीला, तुझी दोन्ही पोरं पुण्याहून येणार, सोबत नातवंडं, हे वाचून बरं वाटलं. पण खाली लिहिलंयस, ‘आता या वयात आपण काय खेळणार?’ अरे, कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली, आंबील-भज्जी झाली की रानात अख्खी दुपार मोकळी पडते. मग मोबाईल निघतात. ते निघायच्या आत तू खिशातून भोवरा काढ.

‘चला, खेळू’ म्हणू नकोस, तिशीतला पोरगा अशानं लाजतो. नुसता बसून भोवऱ्याची दोरी, आपली जाळी, गुंडाळायला लाग. पाच मिनिटांत कुणीतरी ‘असं नाही, इकडं द्या’ म्हणत हातातून ओढून घेतंय की नाही बघ.

जाळी सुताची घे, दीड मीटरच्या आसपास, एका टोकाला गाठ. दुसरं टोक ओलं करून खालच्या खिळ्यापाशी, आरीपाशी दाब आणि तिथून वर एकाला एक चिकटून वेढे घे. वेढ्यावर वेढा चढला की जाळी अडकते आणि भोवरा उलटा कपाळाकडं येतो. सैल राहिला तर हातातच गळतो. गाठीचं टोक बोटांच्या बेचक्यात. हात पुढं टाकायचा आणि सुटता सुटता मागं झटका. तुझा खांदा धरतो, म्हणून डोक्यावरून मारायच्या नादी लागू नकोस, कमरेच्या उंचीवरून आडवा फेक. भोवरा थरथरला तर आर वाकडी आहे. ती बाजूनं हलकेच ठोक, वरून ठोकलीस तर लाकूड चिरतं. काळ्या रानात तो भेगेत रुततो. खळं असेल तर ठीक, नसता शहाबादी फरशीचा एक तुकडा गाडीत टाक.

नातवंडांशी मुद्दाम हरू नकोस. सात-आठ वर्षांच्या पोराला ते लगेच कळतं आणि त्याचा रसच जातो. त्यापेक्षा डाव्या हातानं खेळ, किंवा तुझी रेघ दोन पावलं मागं आख. मग खरंच हरशील. चिडलास तरी चालेल, पोरांना तेच हवं असतं. शिकवायला मात्र बसू नकोस. ‘आमच्या वेळी’ एवढं तोंडातून निघालं की पोरं पांगली समज.

गोट्यांचं गुडघे बघून ठरव.

झोक्याला चिंचेची जिवंत फांदी बघ, मांडीएवढी जाड. शेवग्याला चुकूनही नको, कडाडकन मोडतो. फांदीवर पोतं गुंडाळून त्यावर दोर टाक, नसता घासून तुटतो. आधी दोन मोठ्यांनी लोंबकळून बघा. बसायला वाकळ. तू जेवल्यावर अर्धा तास थांब, आणि बीपीची गोळी चालू आहे तर उतरल्यावर जरा वेळ दोर धरूनच उभा राहा.

जाळ्या तीन-चार ने. एक नातू तोडणार, एक तुझा थोरला गुपचूप पुण्याला नेणार.

वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र