नाना, ती बदकं तुम्ही पाडलीत

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण लबाडीही चारचौघांतच केली होती. मे महिन्यात पोरगा जुन्या टीव्हीवर बंदुकीने बदकं पाडतोय असा व्हिडिओ मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ‘हे चालू कसं केलं?’ असं सगळे विचारत राहिले आणि मी नुसते अंगठे पाठवत राहिलो. तुमचं नाव काही घेतलं नाही.

खरं तर मी फक्त मोडतोड केली होती. माळ्यावरून टीव्ही गेमचा डबा काढला, कॅसेटमध्ये सवयीने फुंकर मारली (तोंडाच्या दमटपणाने पिना गंजतात, हे तीस वर्षांनी तुमच्याकडून कळलं) आणि जुना अडॅप्टर सापडेना म्हणून राउटरचा खुपसला. ९ व्होल्टचाच तर होता! पण निन्टेंडोच्या १९८३ च्या मूळ जपानी गेम-डब्यासारखीच (फॅमिकॉम) आमच्या नकली डब्याचीही पिन उलटी: आत मायनस, बाहेर प्लस. फट् झालं आणि घरभर जळका वास. तुम्ही फुटलेला कंडेन्सर आणि व्होल्टेज पाचवर आणणारा ७८०५ हा आयसी बदललात, अडॅप्टरवर लाल पेनाने फुली मारून दिलीत.

मग ‘डक हंट’ लावला, तर भिंतीवरच्या नव्या टीव्हीवर एक बदक मरेना. मी बंदूकच खोलायला निघालो होतो. तुम्ही फोनवर सांगितलंत की बंदुकीतून काही सुटतच नाही, ती फक्त बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. तो बंदुकीला दिसला तर बदक पडलं. जुना टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेषा ओढतो आणि चित्र आलं की लगेच दाखवतो. चपटा टीव्ही आधी विचार करत बसतो, तोवर बंदुकीची वेळ निघून जाते.

म्हणून वडिलांचा वीस इंची टीव्ही उतरवला. लावला तर पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. बंद केला, प्लग काढला, मागचं झाकण उघडलं आणि तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. ‘ही रबरी टोपी काढू का?’ म्हणत बोट तिच्याकडे नेलं, तेव्हा तुम्ही जे ओरडलात ते शेजारच्या वहिनींनाही ऐकू गेलं. “हात काढ! मरनं शे का तुले?”

प्लग काढला की वीज गेली, अशी माझी समजूत. पिक्चर ट्यूब मात्र वीस-पंचवीस हजार व्होल्टचा साठा पोटात धरून बसते, हे मला कुठून माहीत?

भर दुपारी, अमळनेरात कुत्रंही सावली सोडत नाही अशा उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून तुम्ही सायकलवर आलात. स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधलीत, तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या जाळीला अडकवलंत, एक हात पाठीमागे धरलात आणि पातं टोपीखाली सरकवलंत. टच्! तो आवाज अजून कानात आहे. नाना, पोरगा तेव्हा माझ्या मांडीला खेटून उभा होता. मी एकटा असतो तर एवढं पत्र लिहिलं नसतं कदाचित.

पुढचं काम किरकोळ. चित्र वर-खाली ताणणाऱ्या व्हर्टिकल आयसीच्या पायांचं सोल्डर तडकलं होतं, ते पुन्हा ओढलंत आणि रेघेचं चित्र झालं. मजुरीचे तीनशे रुपये मोजून घेतलेत, ते बरं केलंत. फुकट केलं असतं तर मी पुन्हा काही खोललं असतं.

आणि मग चहा गार होईस्तोवर बंदूक सोडली नाहीत! नेम चुकला की गवतातून कुत्रा हसतो, त्याचा तुम्हाला पोराहून जास्त राग. “या कुत्राले गोयी लागस नही का?” लागत नाही, नाना. मीही लहानपणी पुष्कळ झाडल्यात.

पोरगा रोज विचारतो, आजोबा कधी येणार. रविवारी या, लाइट सहसा चारला येते. शेवभाजी करतोय.

आपला,
माळ्यावरच्या डब्याचा मालक

ता. क. ग्रुपवर आता तुमचं नाव लिहिलंय. धाकट्या काकांचा टीव्ही बिघडलाय, ते फोन करतील. सांभाळून घ्या.