१२ व्होल्ट, ५ अँपिअर एसएमपीएसमधील नॉइजबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय: नव्या लॉटमध्ये फिल्टरचे भाग न बसवल्याबद्दल

महोदय,

आपल्या १२ व्होल्ट, ५ अँपिअरच्या नव्या लॉटमधील एसएमपीएसवर (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायवर) अँप्लिफायर चालवला, की ऑडिओ केबल जोडताच स्पीकरमधून घरघर सुरू होते. केबल काढली की थांबते. शेजारचा एएम रेडिओही खरखरतो. जुन्या लॉटवर यातले काहीच होत नाही. त्यामुळे ‘दोष लोडमध्ये (जोडलेल्या उपकरणात) असेल’ हे आपल्या सेवा विभागाचे उत्तर मान्य नाही. अँप्लिफायर काढून नुसता २.४ ओहमचा रेझिस्टर लावून मोजले, तरी आउटपुटवर ३१० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक (खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत) नॉइज दिसतो. डेटाशीट १२० सांगते. मोजताना ऑसिलोस्कोप २० मेगाहर्ट्झला मर्यादित, प्रोबच्या टोकाशी ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि ४७ मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ग्राउंडच्या लांब वायरऐवजी स्प्रिंग. मोजमापात चूक नाही.

झाकण उघडल्यावर कारण समोरच दिसते. कॉमन मोड चोकच्या (दोन्ही वायरींवर एकत्र वाहणारा नॉइज अडवणाऱ्या कॉइलच्या) जागी दोन तारेचे जंपर आहेत. एक्स कपॅसिटरची (मेन्सच्या दोन वायरींमध्ये लावायच्या फिल्टर कपॅसिटरची) जागा रिकामी. आउटपुटच्या शॉटकी डायोडवरचा आरसी स्नबर (स्पाइक शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) नाही, म्हणून दर स्विचिंगला टोकदार स्पाइक. आणि सर्वांत गंभीर म्हणजे प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरी (आउटपुटची बाजू) यांच्यामधला २.२ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटरच बसवलेला नाही. स्विचिंग करणाऱ्या मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या ड्रेन टोकावर व्होल्टेज दर सायकलला शेकडो व्होल्ट वर-खाली होते आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समधून तो करंट सेकंडरीत ढकलला जातो. वाय कपॅसिटर असला तर तो तिथल्या तिथे परत फिरतो. नसला तर आउटपुटच्या वायरी, ऑडिओ केबलची शील्ड आणि अर्थिंग असा लांबचा रस्ता धरतो.

आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, हा आपला सल्ला इथे लागू पडत नाही. त्याने प्लस-मायनसमधला रिपल (व्होल्टेजचा चढउतार) थोडा कमी होईल. दोन्ही वायरींवर एकत्र वाहणारा नॉइज तसाच राहील. दुरुस्ती करताना वाय कपॅसिटर म्हणून वाय१ या सुरक्षा वर्गाचाच प्रमाणित कपॅसिटर लावावा. साधी सिरॅमिक डिस्क शॉर्ट झाली, तर मेन्सचे व्होल्टेज थेट आउटपुटवर येईल.

सर्व भाग बसवलेले युनिट बदलून द्यावेत, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. सोबत या लॉटचा १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ कंडक्टेड एमिशनचा (मेन्सच्या वायरीतून बाहेर जाणाऱ्या नॉइजचा) चाचणी अहवाल पाठवावा. जुन्या लॉटचा अहवाल चालणार नाही. स्कोपचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही बोर्डांचे फोटो जोडले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक