भाजणीतली तार

कोथरूड, पुणे

प्रिय सुलू,

तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. पण "कंपनी नवा पुडा देतेय ना, मग सोडून दे की" हे तुझं वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहायला बसले.

कंपनीच्या त्या पुड्यातल्या भाजणीच्या थालीपिठाचा घास घेतला आणि सासूबाईंच्या दाढेखाली कचकन काहीतरी आलं. बोटावर काढून बघतो तर तार! नखाएवढी लांब, केसापेक्षा थोडी जाड. आधी वाटलं घासणीची असेल, पण घासणीची तार चपटी असते आणि गुंडाळत जाते. ही गोल होती आणि ठरावीक अंतरावर नागमोडी वाकलेली, विणलेल्या जाळीतून सुटावी तशी. म्हणजे पीठ चाळायच्या चाळणीची. दाढेचा टवका उडाला नाही एवढंच नशीब. घशात गेली असती तर?

सुलू, तू मसाल्याच्या कारखान्यात काम करतेस, तुला हे माझ्याहून जास्त कळतं. जाळी स्टेनलेस स्टीलची असली की लोहचुंबक तिला फारसं ओढत नाही. मेटल डिटेक्टर असला तरी बारीक तार आडवी-उभी कशी जाते यावर ती सापडणार की निसटणार हे ठरतं. मग उरतं काय? कामाची पाळी सुरू होताना आणि संपताना चाळणी उजेडात धरून बघणं. ते कुणीतरी केलं नाही, आणि जाळी फाटली की एकच तुकडा पडून थांबत नाही. त्याच बॅचचे पुडे आज कुणाकुणाच्या डब्यात असतील. शेजारची चिमुरडी थालीपीठ कुस्करून दुधात खाते, मला तीच डोळ्यासमोर येते.

आणि कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, पुडा फेकून द्या, आम्ही दुप्पट भाजणी पाठवतो! मला भाजणी नकोय. ती चाळणी बदलली का आणि बाकीचा माल दुकानांतून परत मागवला का, एवढं सांगा.

२०२४ मध्ये मालाडला एका डॉक्टरच्या आइस्क्रीमच्या कोनात बोटाचा तुकडा निघाला, आठवतं? तो आपल्याच जिल्ह्यातल्या, इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगाराचा निघाला. डीएनए जुळला. त्या डॉक्टरने कोन फेकून दिला असता तर हे कधीच उघड झालं नसतं.

म्हणून मी पुडा, बिल आणि डबीत तार, सगळं जपून ठेवलंय. बॅच नंबर आणि चौदा आकडी परवाना क्रमांक दिसेल असे फोटो काढले. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात बाह्य पदार्थ निघाला तर एक लाखापर्यंत दंड आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, पण ते पुढचं पुढे. १९७४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारी ग्राहक पंचायत ज्या पुण्यात उभी राहिली, तिथल्या माणसांनी दोन किलो भाजणीवर गप्प बसावं, हे मला पटत नाही.

मंगळवारी कंपनीचा माणूस घरी येतोय. तार बघायला देईन, हातात देणार नाही. त्याला आणखी काय विचारायचं ते त्याआधी कळव. आणि तुझ्याकडे तीच भाजणी असेल तर आधी चाळून घे.

तुझी,
मेधा