मानवशास्त्रातले क्षेत्रकार्याचे तास कापू नका

संपादक महोदय,

पदवीचे प्रवेश सुरू झाले की वाणिज्य आणि विज्ञान शाखेतली मुलेही हल्ली ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून सांस्कृतिक मानवशास्त्र (माणसांच्या चालीरीती, नाती आणि जगणे यांचा अभ्यास) घ्यावे का, असे विचारू लागली आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत या वैकल्पिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर असतात, त्यांची आधीच तयारी व्हावी म्हणून येणारेही बरेच. जरूर घ्यावा. फक्त त्या महाविद्यालयात क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन पाहणे, विचारणे आणि नोंदवणे, खरोखर करून घेतात का, हे आधी पाहावे. ते नसेल तर हा पेपर व्याख्या पाठ करण्याचा उरतो, आणि तेवढ्यासाठी बाजारात गाइडे आहेतच.

हिशेब साधा आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचे माप. एका क्रेडिटला व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. चार क्रेडिटच्या पेपरातले एक क्रेडिट क्षेत्रकार्याला दिले की ३० तास हाती येतात. पहिल्या सत्रासाठी ते पुरतात. पण वेळापत्रकातल्या या तासांचे पुष्कळ ठिकाणी एका दिवसाच्या बससहलीत आणि शेवटच्या आठवड्यात जमा होणाऱ्या स्पायरल बाइंडिंगच्या प्रकल्पात रूपांतर होते. सहल बहुधा एखाद्या आदिवासी पाड्यावर जाते. पन्नास मुले, दोन तास, भरपूर फोटो. पाड्यावरच्या माणसांना कोणी विचारलेले नसते आणि मुलांना तिथली भाषा येत नसते. याला क्षेत्रकार्य म्हणणे हा विषयाचा अपमान आहे, आणि पाड्याचाही.

याची मुळे अभ्यास-साहित्यात आहेत. सगळे समाज एकाच क्रमाने वर चढतात असे मानून अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मॉर्गन यांनी १८७७ साली मांडलेली वन्य, रानटी आणि सुसंस्कृत अवस्थांची शिडी अनेक नोट्समध्ये आजही सिद्ध झालेल्या गोष्टीसारखी छापलेली असते. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १८९६ मध्येच समाजांची अशी तुलना करण्याच्या पद्धतीच्या मर्यादा दाखवल्या होत्या, तो भाग वगळलेला असतो. मग विद्यार्थी कातकरी किंवा माडिया लोकांना सरळ शिडीच्या खालच्या पायरीवर बसवतो. शिडी शिकवू नका असे आमचे म्हणणे नाही. ती शिकवावी, आणि ती का मोडली हे त्याच तासाला सांगावे.

आता ते ३० तास कसे वापरावेत. आमच्या मते वंशावळीला आठ, एका जागेच्या निरीक्षणाला बारा, मुलाखतीला सहा आणि उरलेले चार वर्गात वह्या वाचून पुन्हा लिहायला.

वंशावळीची रीत ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या १८९८ च्या मोहिमेत त्यांनी ती बसवली आणि पुढे निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये वापरली. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरीचे चिन्ह, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, घटस्फोट असेल तर बरोबरीच्या चिन्हावर काट, आणि ज्याच्यापासून सुरुवात केली ते ‘स्व’ काळे भरलेले. भावंडांना जोडणारी आडवी रेघ चिन्हांच्या वर येते. ती खाली काढली की भाऊ-बहीण नवरा-बायकोसारखे दिसू लागतात, आणि ही चूक दर वर्गात होते. थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे. कागद ए-थ्री, पेन्सिल आणि खोडरबर. तीन पिढ्या आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंत गेले की चाळीस-पन्नास माणसे सहज होतात, म्हणून नावे आकृतीत लिहू नयेत. प्रत्येकाला क्रमांक द्यावा. नाव, गाव, जन्मसाल वेगळ्या तक्त्यात ठेवावे आणि जमा करताना तो तक्ता काढून घ्यावा.

नाती टिपायला इंग्रजी अक्षरे वापरतात. बहिणीला ‘झेड’, कारण ‘एस’ मुलासाठी राखलेले आहे. म्हणजे मावशी ‘एमझेड’, आत्या ‘एफझेड’, मामा ‘एमबी’. अक्षरे एवढ्यासाठी की ‘काका’ म्हणून सांगितलेला माणूस वडिलांचा सख्खा भाऊ आहे, चुलत आहे की शेजारी, हे आकृतीत स्पष्ट व्हावे.

वंशावळीतून काय गळते, ते पाहण्यासारखे असते. वरच्या पिढीतल्या बायका आधी गळतात: पणजोबांचे नाव लगेच सांगतात, पणजीचे माहेर कोणालाच आठवत नाही. लहानपणी गेलेली मुले, दुसरी बायको आणि दत्तक गेलेला मुलगा हेही असेच सुटतात. त्यामुळे ‘भावंडे किती?’ असे विचारून थांबू नये. ‘यांच्या आधी किंवा नंतर कोणी झाले होते का?’ असे प्रत्येक मुलाबद्दल वेगळे विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याला नको असेल तर तिथेच सोडून द्यावे. घरातल्या वयस्क बाईकडून तीच वंशावळ पुन्हा घेतली की आकृती बहुतेक वेळा बदलते. दोन्ही आकृत्या जपाव्यात.

महाराष्ट्रात हा अभ्यास विशेष रंगतो. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेचे चार पट्टे मांडले, त्यांत महाराष्ट्र मध्य पट्ट्यात येतो. उत्तरेत मामाची मुलगी बहिणीसारखी. दक्षिणेत मामाची, आत्याची आणि पुष्कळ जातींत थोरल्या बहिणीचीही मुलगी चालते. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही. सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणण्याची रीत याच चौकटीत समजते. इथवर गाइडही सांगते. विद्यार्थ्याने पुढे जाऊन आपल्या आकृतीतली लग्ने मोजावीत. अशी लग्ने किती झाली, हे मोजताना छेदात सगळी लग्ने धरली तर उत्तर फसवे येते. ज्या मुलाला लग्नाच्या वयाची मामेबहीण होती, तेवढीच लग्ने छेदात धरावी लागतात. रीत आहे असे सांगणे, ती पाळणे आणि पाळता येण्याजोगी परिस्थिती असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका भागाकारातून समजते.

निरीक्षणाचे बारा तास म्हणजे एकाच जागी चार फेऱ्या. एक तास पाहायचे, त्याच दिवशी दोन तास लिहायचे. जागा जवळची निवडावी: आठवडी बाजाराची एक ओळ, एसटी स्टँडवरची चहाची टपरी, सार्वजनिक नळ. जागेवर फक्त खुणेचे शब्द टिपावेत. झोपण्यापूर्वी पूर्ण लिहावे, कारण कोणी नेमके काय म्हटले ते दुसऱ्या दिवशी राहत नाही. वहीच्या डाव्या पानावर पाहिलेले-ऐकलेले, उजव्या पानावर आपले तर्क. ‘विक्रेत्या बायका गरीब आणि कष्टाळू आहेत’ हे वाक्य डाव्या पानावर दिसले तर शिक्षकाने खोडावे. ‘नऊ विक्रेत्यांपैकी सहा बायका, चौघी मेथीची जुडी विकतात, दोघी मिरच्यांचे वाटे लावतात, साडेपाचनंतर वाटा मोठा झाला, भाव तोच’ हे चालेल. वाटा का मोठा झाला, हे उजव्या पानावर. आणि बोलणाऱ्याचा शब्द प्रमाण मराठीत आणू नये.

मुलाखतीत घोटाळा प्रश्नामुळे होतो. ‘तुमच्यात हुंडा घेतात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येणार. घरातले शेवटचे लग्न कोणते, बैठकीला कोण होते, कपडे कोणी केले, जेवणाचा खर्च कोणाचा, असे एकाच प्रसंगाबद्दल विचारले की माहिती मिळते. ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच. एक तासाचे मुद्रण शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज जातात, तेव्हा त्यातली पंधरा मिनिटेच उतरवायला सांगावीत.

मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी वर्णन केलेल्या कुला विनिमयावर, म्हणजे न्यू गिनीजवळच्या बेटांमधल्या भेटींच्या देवघेवीवर, परीक्षेत हमखास प्रश्न येतो. शंखमाळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, बाहुवलये उलट दिशेने, हे मुले घोकतात. घरातली आहेराची वही मात्र कोणी उघडत नाही. कोणी किती दिले, आपण त्यांच्याकडे किती दिले होते, हे तिथे ओळीने लिहिलेले असते. देणे, घेणे आणि परत करणे ही फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी सांगितलेली भेटवस्तूंची तिन्ही बंधने त्या वहीत सापडतात. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापूनही कोणाकडून पाकीट घेतले गेले आणि कोणाचे परत केले, हेही विचारावे. अर्थात वही दाखवायची की नाही हे घरच्यांनी ठरवायचे, आणि नावे झाकूनच.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आमची सूचना एवढीच आहे की प्रकल्पाच्या बाइंडिंगला गुण देणे बंद करून कच्च्या वहीला गुण द्यावेत: तारखा, वेळा, खाडाखोड आणि दोन पानांतली विभागणी पाहून. इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प ओळखणे कठीण असते. चार फेऱ्यांची खोटी वही लिहिणे त्याहून कठीण. साठ मुलांच्या वह्या तपासायला शिक्षकाला वेळ लागतो, तो त्याच्या कार्यभारात धरला पाहिजे. तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडून हे काम फुकट करून घेतले की सारे पुन्हा बससहलीवर येते.

प्रवेश घेणाऱ्यांनी विभागात जाऊन गेल्या वर्षीची, नावे झाकलेली एखादी क्षेत्रवही पाहायला मागावी. कपाटातून रंगीत मुखपृष्ठाचे प्रकल्पच निघाले, तर दुसरा विषय पाहावा.

– सांस्कृतिक मानवशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक, पुणे