पोरांना राजकारण कळत नाही, असं म्हणू नका

संपादक महोदय, स. न.

‘आजकालच्या पोरांना राजकारणाचं काही पडलेलं नाही,’ हे मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात रोज ऐकतो. मी तिथे माथाडी आहे, वय 57. 15 जानेवारी 2026 ला नवी मुंबई महापालिकेचं मतदान होईपर्यंत मीही तेच म्हणत होतो.

मी पहिलं मत 1989 साली दिलं. मतदानाचं वय त्याच वर्षी 21 वरून 18 झालं होतं, त्यामुळे मी 21 चा आणि धाकटा भाऊ 19 चा, दोघांचं पहिलं मतदान एकाच दिवशी झालं. आदल्या रात्री टोळीचा मुकादम खोलीवर आला, चहा घेतला आणि शिक्का कुठे मारायचा ते वडिलांना सांगून गेला. वडिलांनी ते आम्हाला सांगितलं. आम्ही विचारलं नाही. त्यात जबरदस्ती आहे असंही कुणाला वाटलं नाही, कारण मुकादम होता म्हणून काम होतं आणि काम होतं म्हणून चूल पेटत होती.

माझी मुलगी 26 वर्षांची, महाप्याला कंपनीत आहे. मतदानाच्या सकाळी संक्रांतीच्या तिळगुळाच्या डब्याशेजारी तिचा चार घड्या केलेला कागद होता. फोन आत नेता येत नाही, म्हणून रात्री बसून तिने उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचली होती आणि शिक्षण, मालमत्ता, गुन्हे असे रकाने आखून सगळं उतरवलं होतं. एका नावापुढे पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह. या वेळी नवी मुंबईत पहिल्यांदाच पॅनेल पद्धत, म्हणजे आमच्या एका प्रभागातून चार नगरसेवक आणि प्रत्येकाला चार मतं. मी म्हणालो, चारही एकाच निशाणीला दे, कामं अडत नाहीत. ती म्हणाली, “पप्पा, चौघं एका गाडीतून फिरले म्हणून चौघांना द्यायची का?” तिने तीन मतं तीन ठिकाणी दिली आणि चौथ्या जागेला ‘नोटा’ (यापैकी कुणीच नाही) दाबलं. मी रस्त्यातच तिच्यावर चिडलो. नोटा मला आजही पटत नाही. पण मत देण्याआधी एवढं वाचणाऱ्या मुलीला राजकारण कळत नाही, हे मी कुठल्या तोंडाने म्हणू?

आता या पिढीला आपण काय दिलं तेही बघा. इथली याआधीची निवडणूक एप्रिल 2015 ची. मुदत मे 2020 मध्ये संपली. आधी कोरोना, मग आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले; मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे हालचाल झाली. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं राज्यघटनेत लिहिलेलं असताना साडेपाच वर्षं प्रशासक होता. 2015 च्या मतदानानंतर महिन्याभरात जो 18 चा झाला, त्याने नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं ते 28 पूर्ण झाल्यावर. आम्ही राजकारण शिकलो ते वॉर्डात, नळासाठी आणि दाखल्यासाठी नगरसेवकाच्या ओट्यावर बसून. यांच्या वाट्याला तो ओटाच आला नाही. मग ती फोनवर दिल्लीचं राजकारण बघतात, तर त्यांचं काय चुकलं?

माझा पुतण्या 2025 च्या ऑगस्टमध्ये 18 चा झाला. यादी 1 जुलैची धरली, त्याचं नाव बसलं नाही. पुढची निवडणूक अगदी वेळेवर झाली तरी तो 23 चा असेल. आईबरोबर केंद्रापर्यंत आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला, ते बघून मला फार वाईट वाटलं.

आमच्या कोपरखैरण्यात निवडून आलेल्या चारही नगरसेवकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा सेक्टरमध्ये सभा घ्या, पण सकाळी अकराला नको. त्या वेळी समोर माझ्याच वयाची माणसं बसतील. महाप्याची, ऐरोलीची पोरं साडेआठपर्यंत घरी येतात. सभा नऊला ठेवा. माझी मुलगी तो कागद घेऊन येईल, मीही येईन.

– एक माथाडी कामगार, कोपरखैरणे, नवी मुंबई