हादी हसन यांचे नाव वसतिगृहाला आहे. आता त्यांची पुस्तके वाचकांना द्या

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या हादी हसन हॉलमध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी राहतात. फारसीच्या प्राध्यापकाचे नाव भावी डॉक्टरांच्या वसतिगृहाला कसे, असे नवख्याला वाटेल. पण हादी हसन (१८९६–१९६३) केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले, अलीगढला आधी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, मग फारसीकडे वळले. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी निधी जमवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. नाव योग्य जागी आहे. अडचण त्यांच्या पुस्तकांची आहे. इराणी नौकानयनाच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ १९२८ साली लंडनला छापला गेला, बाराव्या शतकातल्या फलकी शिरवानी या कवीवरचा त्यानंतर वर्षभरात. आज त्यांच्या नीट तपासलेल्या, शोधता येण्याजोग्या, सर्वांना खुल्या आवृत्त्या हव्या आहेत.

कायद्याची आडकाठी आता उरलेली नाही. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली जातात. म्हणजे हादी हसन यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२४ पासून भारतात मुक्त झाले. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतील. निधनानंतर प्रथम छापलेल्या मजकुराची ६० वर्षे प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाची तारीख वेगळी तपासावी. आणि ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची असल्याने तिथे हे लेखन २०३३ अखेरपर्यंत संरक्षित आहे. म्हणून स्कॅन केलेल्या फायली भारतातल्या सर्व्हरवरच ठेवाव्यात. आयआयटी खरगपूर चालवत असलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय त्यासाठी आहेच.

काम मात्र 'पुस्तके स्कॅन करा' एवढ्या एका ओळीच्या आदेशावर सोडू नये. त्या काळातला कागद बहुधा आम्लयुक्त असतो, घडीवर तुटतो. पुस्तक सपाट काचेवर दाबले की पाठीची शिवण उसवते, म्हणून ते इंग्रजी व्ही आकाराच्या आधारावर, ९० ते १०० अंशांपेक्षा जास्त न उघडता, वरून कॅमेऱ्याने टिपावे. मूळ प्रतिमा रंगीत, किमान ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), टिफ स्वरूपात; वाचकांसाठी हलकी पीडीएफ त्यावरून नंतर काढावी. पहिल्याच फेरीत काळी-पांढरी प्रत काढली की कागदावरचा डाग आणि फारसीतला नुक्ता, म्हणजे अक्षराचे टिंब, एकसारखे दिसतात. नुक्ता हरवला की ब, प, त सारखेच. नकाशे घडीचे असतील तर ते उलगडून वेगळे टिपावेत. घाईत ते घडीतच राहतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

खरी कसोटी अक्षरओळखीची, म्हणजे यंत्राने प्रतिमेतून मजकूर वाचण्याची (ओसीआर). इंग्रजी वाक्यात मधेच फारसी ओळ आली की डावीकडून वाचणारे यंत्र तिचे शब्द उलट क्रमाने लावते. रोमन लिप्यंतरातल्या स्वरांवरच्या आडव्या रेघा आणि अक्षरांखालचे टिंब ते सरळ पुसून टाकते. नस्तालीक या फारसी लेखनवळणाच्या शिळाछापात (दगडावरून छापलेल्या पुस्तकात) तर अक्षरे तिरकी उतरतात, नुक्ते शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. तिथे यंत्रावर विसंबण्यापेक्षा माणसाने टंकलेखन करावे आणि दुसऱ्याने मूळ प्रतिमेशी ताडावे. टंकताना 'ये' आणि 'काफ' ही दोन अक्षरे फारसी संकेतांकानेच (युनिकोडनेच) यावीत. अरबी संकेतांक मिसळले तर पडद्यावर फरक दिसत नाही, पण शोध रिकामा येतो. अशा चुका वर्षानुवर्षे तशाच राहतात, कारण पान तर बरोबर दिसत असते.

यात मराठी माणसांना रस का? शिवकाळ आणि पेशवाईचा अभ्यास फारसी अखबार (दरबारी बातमीपत्रे), फर्माने आणि पत्रांवाचून पुढे सरकत नाही. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी ते कागद मराठीत आणले. त्यांच्यानंतर तितक्या ताकदीने फारसी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाली, फारसी आणि प्राकृत यांच्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापण्याचे वचन आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पाली आणि प्राकृत अभिजात ठरल्या, त्याचा आनंद आहेच. फारसीच्या संस्थेसाठी जागा, पदे, निधी ठरेपर्यंत हे छोटे काम मात्र अडवून ठेवू नये.

अलीगढला हॉल म्हणजे एक इमारत नसून वसतिगृहांचा गट असतो; त्याला प्रोव्होस्ट (हॉलप्रमुख), वॉर्डन, भोजनगृह, वाचनकक्ष असतात. म्हणून आदेशात जबाबदाऱ्या नावानिशी वाटाव्यात: स्कॅनिंग मौलाना आझाद ग्रंथालयाकडे, मजकूर तपासणी फारसी विभागाकडे, आणि छापील संच कायम ठेवण्याची जबाबदारी हॉलच्या प्रोव्होस्टकडे. संच वाचनकक्षात उघड्या कपाटात असावा, कुलपात नको. तपासणीच्या मानधनाची तरतूद स्कॅनिंगपासून वेगळी दाखवावी, कारण एकत्र रकमेत यंत्रसामग्रीच सगळे खाते. आणि काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात सुरू करावे; दमट हवेत पाने फुगतात आणि कॅमेऱ्याखाली सपाट बसत नाहीत.

आपले,
फारसी साधनांवर आणि दस्तऐवज-जतनावर काम करणारे काही मराठी अभ्यासक